पाहुणे

ऑक्टोबर लागला की बेनेदेक अंगण घरात आणतो.
जिन्याच्या दर पायरीला एक जास्वंद,
शिवणयंत्रावर बोगनवेल,
अळूचे कंद वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली,
आणि बाथटबमध्ये, कुंडीसकट,
छताला डोकं टेकून उभी केळ.
मे महिन्यापर्यंत आम्ही दोघं
स्वयंपाकघरात बादलीवर आंघोळ करतो.
बत्तीस हिवाळे.
शेजारची पिरोश्का विचारते, पाहुणे कधी जाणार गं?

माझी फुलं असली लाडावलेली नाहीत.
ट्यूलिप, हायसिंथ, डॅफोडिल:
वीतभर खोल पुरायची आणि विसरून जायचं.
त्यांना गारठाच लागतो.
हाडापर्यंत थंडी भिनल्याशिवाय
ती मान वर काढत नाहीत.
हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बेनेदेकला सांगितलं.
तो म्हणाला, अगदी तुझी आई बोलतेय.

एका वर्षी हिवाळा आलाच नाही.
तिसा नदी गोठली नाही, नाताळात घरात माश्या.
मी कंद फ्रिजमध्ये ठेवले, सॉसेजशेजारी,
कागदी पिशवीत.
बेनेदेकने त्यातले चार कांदे समजून चिरले,
चरबीत परतले, वर पाप्रिका,
चाखून म्हणाला, हल्ली कांद्यालाही चव राहिली नाही.
रात्रभर पोट धरून बसला,
केळीच्या शेजारी, टबच्या काठावर.
मी दाराबाहेरून मोजत होते:
दोन पिवळे, एक लाल,
आणि तो जांभळा, ज्याची मी तीन वर्षं वाट पाहिली होती.

आमच्याकडे मे महिन्यात तीन संत येतात.
पोंग्रात्स, सेर्वात्स, बोनिफात्स.
बारा, तेरा, चौदा तारीख.
थंडीचे शेवटचे वसुलीदार.
ते जाईपर्यंत कोवळं काही उघड्यावर ठेवू नये,
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण यंदा एप्रिलातच असं ऊन पडलं
की बेनेदेक म्हणाला, संत म्हातारे झाले.
गेर्गेयची दोन पोरं बोलावून केळ खाली उतरवली.
मी चार दिवस
गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले. खोटं कशाला बोलू.

पाचव्या रात्री दोन वाजता त्याने मला हलवलं.
काचेवर बर्फाची नखं.
चादरी, पडदे, माझा कोट,
लग्नातला भरतकामाचा मेजपोश,
हाताला येईल ते झाडांवर टाकत सुटलो.
कबरीवर लावायच्या लाल मेणबत्त्या उरल्या होत्या,
त्या कर्दळींच्या मधोमध पेटवल्या.
पिरोश्काने खिडकी उघडली. कोण गेलं?
कोणी नाही, झोप! बेनेदेक ओरडला.

केळीला पुरेल एवढं कापड घरात नव्हतं.
तो शिडीवर चढून तिला कवटाळून उभा राहिला,
पायजम्यावर, सदुसष्टाव्या वर्षी.
मी खालून शिडी धरली.
उजाडल्यावर दिसलं, मी कशावर उभी होते ते.

बाकीची ट्यूलिप माना टाकून पडलेली, काचेसारखी कडक.
बेनेदेक म्हणाला, अरेरे.
दहाच्या सुमाराला ऊन पोचलं
आणि एकेक उठून उभं राहिलं,
जसं काही रात्री कुणी आलंच नव्हतं.
केळ मात्र वरून खाली काळी पडत गेली,
चुलीतल्या कागदासारखी.
माझ्याकडे तीन वाक्यं तयार होती,
बत्तीस वर्षं घोटून गुळगुळीत केलेली.
मी सुरी आणायला गेले.

त्याने खोड धरलं, मी कापत गेले.
तपकिरी. तपकिरी. नुसतं पाणी.
कमरेशी तपकिरी.
गुडघ्याखाली पांढरं लागलं,
आणि त्याच्या पोटात करंगळीएवढी
गुंडाळलेली हिरवी सुरळी.
बघ, तो म्हणाला.
मी त्याच्या आधीच पाहिलं होतं.

दुपारी पिरोश्का मेणबत्त्यांची चौकशी करायला आली.
कुंपणावर वाळणारा मेजपोश पाहिला,
चिरडलेली फुलं पाहिली,
गुडघ्याएवढ्या केळीपाशी जरा थांबली.
मग आता टब मोकळाच तुमचा?
मी म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत.