किती वर्षं धरायची

पेन्शनच्या कागदांना जोडफोटो लागतो,
म्हणून आर्वीच्या स्टुडिओत आम्ही दोघं बसलो,
लग्नानंतर पहिल्यांदा एका चौकटीत.
फोटोवाला म्हणाला, काकू, थोडं जवळ सरका.
पंचफुला सरकली नाही. मीच सरकलो.

तेहेतीस वर्षं पंचायत समितीचे हातपंप उचलले.
दहा फुटी दांडा, त्याला दुसरा, त्याला तिसरा,
बोअरच्या तोंडाशी उभं राहून मोजायचो
पाणी किती खोल गेलं ते.
एप्रिलात लोक विचारत, पुरन का जी जूनपर्यंत?
मी पाना पुसत सांगायचो, उपसा पाहून वागा.

आता उपदान, भविष्य निर्वाह, विकलेली पेन्शन,
सगळं मिळून साडेअठरा लाख खात्यात आलं
आणि गावाला माझ्याआधी कळलं.
साडू म्हणाला, हायवेला प्लॉट घे.
गुरुजींचा पोरगा घरी येऊन गेला,
फाइल गुळगुळीत, बूट गुळगुळीत,
म्हणाला, पाच वर्षांत दुप्पट, काका.
मी विचारलं, ही बोअर तू स्वतः पाहिली का?
तो हसला. चहा पिऊन गेला.

मग अंगणात खाट टाकून
जुन्या डायरीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारली.
येणार ते इकडे, जाणार ते तिकडे.
किराणा. वीज. बीपीच्या गोळ्या. तिच्या गुडघ्याचं तेल.
लग्नाच्या पत्रिका वर्षाला चाळीस,
आहेर एकशे एकावरून पाचशेवर गेलेला.
ज्योत्स्नाच्या पोराचं जावळ राहिलंय.
प्रफुल चाकणहून म्हणतो, बाबा, माझी चिंता सोडा,
म्हणजे थोडं त्याच्याही नावानं ठेवायचं.
शेवटी एक ओळ नुसती : अचानक.
तिच्यापुढं किती लिहावं
हे तेहेतीस वर्षांत कोणी शिकवलं नाही.

पोस्टातल्या उंबरकर मॅडम म्हणाल्या,
काका, आधी हे ठरवा, किती वर्षं धरायची.
धरायची म्हणजे?
म्हणजे...
त्या शाईच्या डबीचं झाकण लावू लागल्या.
ते आधीच लागलेलं होतं.

घरी येऊन पेन्सिलनं लिहिलं.
मी : पंचाहत्तर. बाप त्र्याहत्तराला गेला,
औषधं सुधारली म्हणून दोन वर धरली.
पंचफुला : पंच्याऐंशी. तिची आई अजून तिखट कुटते.
ती माझ्याहून चार वर्षांनी लहान.
वजाबाकी केली. परत केली.
घरात एकच ताट वाढायची वर्षं निघाली चौदा.

ती मागं उभी होती, हाताला कणीक.
म्हणाली, चौदा तं रामालेही होते जी,
पण त्याच्यासंगं सीता होती.
मी खोडरबर शोधू लागलो.
राहू द्या, ती म्हणाली,
मोजलं ते मोजलं. फक्त दांडे किती उतरवले,
कोणता कुठी जोडला, ते मले दाखवून ठेवा.

म्हणून सोमवारी तिला बँकेत नेलं.
इथं खातं क्रमांक, इथं रक्कम, इथं अक्षरात.
तिनं सही केली, जीभ दातात धरून,
पंचफुलातला अनुस्वार राहिला,
कॅशियरनं परत पाठवली.
तिनं टिंब दिलं, एवढं जोरात की कागदाला भोक पडलं.

दोनशे रुपये हातात आले. दोनदा मोजले.
मी विचारलं, घरात होते ना, मंग हे कायले?
येते का पाह्याले, ती म्हणाली.

मला काही बोलता आलं नाही.
दुरुस्ती झाल्यावर मीही
बाईमाणसांच्या रांगेसमोर
आधी एक बादली उपसून पाहायचो.

बसस्टँडवर त्यातले चाळीस आलूबोंड्याला गेले.
रस्सा तिनं दोनदा मागून घेतला.
रात्री डायरी उघडून
'अचानक'पुढं मी पहिला आकडा लिहिला :
चाळीस.