हातचे

पाल्दिस्की बंदरातल्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
हिमवादळ असलं की ट्रक येत नाहीत.
मग मी बाजूच्या स्क्रीनवर आमचं यान उघडते
आणि वाया गेलेल्या पावत्यांच्या पाठीवर गणित मांडते.

यानाचं नाव काजाकस. आमच्याकडे कुरव पक्ष्याला म्हणतात तसं.
कुरवासारखं त्यात काही नाही;
एका बाजूला फुगलेलं, ठिगळाठिगळांचं.
मेएलिसने पोट बांधलं, कारेलने पंख,
आणि मी जे जे विसरलं गेलं ते:
शिड्या, दिवे, बाहेर पडायचं दार.

बर्फाच्या ग्रहावर ते उभं आहे.
शेजारी बहात्तर टन निकेलचा दगड, तीन आठवड्यांची खोदाई.
तार्तूहून कारेल हेडफोनमध्ये विचारतो, "उचलेल?"
"थांब," मी म्हणते. "मापात पाप नको."

खाली जोर लावणारी इंजिनं चौदा.
मागची, बाजूची धरायची नाहीत,
ती ढकलतात, उचलत नाहीत.
(एवढं शिकायला आमची दोन यानं गेली.)
एकेकाचा जोर तीन लाख न्यूटन.
चौदा त्रिक बेचाळीस.
बेचाळीस लाखांना ग्रहाच्या ओढीने भागायचं, ओढ बारा.
साडेतीनशे टन.
"मग भरूया की!"

अरे, आणि यानाचं स्वतःचं? दोनशे बारा.
यानाला आधी स्वतःला उचलावं लागतं
हे बांधणाऱ्याला सगळ्यात शेवटी आठवतं.
उरले एकशे अडतीस.
तेवढं भरलं तर ते नुसतं तरंगेल,
चढावर अर्ध्या क्लचवर धरलेल्या ट्रकसारखं
इंधन जाळत, जागच्या जागी.
आणि मध्येच माघार घ्यावी लागली तर
पडत्याला थांबवायला धरून ठेवण्याहून जास्त जोर लागतो.
म्हणून पाचवा हिस्सा हातचा.
दोनशे ऐंशीतून दोनशे बारा गेले.
अडुसष्ट.

चार टन जास्त होतायत.

मी यानाची यादी वरून खाली वाचते, मग खालून वर.
चार टनांची एकच गोष्ट आहे:
मेएलिसचं स्वयंपाकघर.
ओतीव लोखंडाची चूल, टेबल, तीन स्टुलं,
खिडकी, जिच्यातून फक्त इंधनाची टाकी दिसते.
या खेळात कुणाला भूक लागत नाही.
"म्हणून तर," तो म्हणाला होता, "घाई नको."
ऑक्टोबरपासून तो आलेला नाही. जुळं झालं त्याला.
शेवटचा निरोप: दोन टोप्यांचा फोटो,
आणि रविवारी येतो. कुठला रविवार, ते लिहिलं नव्हतं.

कारेल बराच वेळ गप्प.
मग, "चार टन दगड इथेच ठेवूया का?"
काल हाच माणूस एकेका किलोसाठी भांडत होता.
पण वरचा तळ बहात्तरावर अडलाय,
आणि काट्यावर बसणाऱ्या बाईला दया परवडत नाही.
मी स्वयंपाकघर सोडवलं.
मोडलं नाही. अख्खंच्या अख्खं बर्फावर ठेवलं,
स्टुलं टेबलाशी लावली,
बॅटरी जोडली, दिवा चालू ठेवला.

काजाकस उठलं. जरा कुरकुरलं, तिरकं झालं, सावरलं.
खाली पिवळा चौकोन, मग ठिपका,
मग कारेल म्हणाला की त्याला अजून दिसतोय. मला दिसत नव्हता.
वजन उतरत उतरत शून्यावर आलं.
वस्तुमान होतं तेवढंच:
दोनशे आठ, अधिक बहात्तर.

साडेपाचला पहिला ट्रक आला, बर्चचे ओंडके.
म्हातारा आर्वो केबिनमध्येच बसून राहिला.
"खाली उतर. तुझं वजन लाकडात धरलं जाईल."
"माझं असून असून किती असणार?"
"उतर."
तो पुटपुटत उतरला, थर्मास घेऊन.
मी आकडा घेतला, पावती छापली, दिली.
फाटकाबाहेर गेल्यावर त्याने ती उलटी करून पाहिली असेल:
मागे बेचाळीस लाख, भागिले बारा,
आणि कोपऱ्यात, खोडलेलं,
तीन स्टुलं.