बोअर क्रमांक चार

पहिल्या तीन बोअरनी काही सांगितलं नाही.
वर दीड मीटर कोरडा, भेगाळलेला पापुद्रा,
खाली राखाडी चिकणमाती, शहाण्या मुलीसारखी,
जेवढा दाब द्यावा तेवढाच विरोध करणारी.
मी आकडे टिपत गेले.
इंगेबर्ट शेताच्या कडेला उभा होता.
हातात आलेखाचा कागद, त्यावर त्यानं स्वतः काढलेलं घर.
चाळीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलेल्या माणसाच्या रेघा
थरथरत नाहीत.
स्वयंपाकघराची खिडकी नदीकडे.

ट्रॉन्डहाइमपासून तासाभरावर हा उतार.
नोव्हेंबर. जव कापून झालेले,
दुपारी तीनलाच उजेड आवरता घेतलेला.

चौथ्या बोअरला, अकराव्या मीटरवर,
सळई आपणहून खाली निघाली.
यंत्र बंद होतं. माझे हात वर,
चोरी पकडल्यासारखे.
एक मीटर, दोन, साडेतीन,
केवळ स्वतःच्या वजनानं.
लोण्यात सुरी जाते तशी, म्हणणार होते,
पण लोणी निदान सुरीला चिकटतं.

इथं समुद्र होता.
हिमनदीनं दळलेला दगड खाऱ्या पाण्यात बसत गेला,
कण कणाला टेकून, पत्त्यांच्या बंगल्यासारखा,
आणि मिठानं तो धरून ठेवला.
मग जमीन वर आली.
हजारो वर्षं पावसाचं, बर्फाचं गोडं पाणी झिरपलं
आणि जाताना मीठ घेऊन गेलं.
बंगला उभाच राहिला.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच;
फक्त मीठ संपलंय
हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

प्रयोगशाळेत नमुन्याचा ठोकळा टेबलावर ताठ उभा राहिला.
दोन किलोचं वजन ठेवलं, पेललं.
दुसरा तुकडा वाटीत घेऊन चमच्यानं ढवळला,
सात-आठ फेरे,
आणि वाटी कलती केली तर ताकासारखा ओतला गेला.
पाणी घातलं नव्हतं.
एक थेंबसुद्धा नाही.

हे फोनवर सांगायचं नसतं. मी परत गेले.
"मीठ परत घालता येतं?" इंगेबर्टनं विचारलं.
येतं, म्हणाले. विहिरी खणून, क्षार भरून,
वर्षानुवर्षं वाट बघून.
आणि खर्च? त्यात तुझी तीन घरं होतील.
त्यानं कागदाची घडी घातली, जुन्याच घड्यांवरून.
मग म्हणाला, खिडकी मात्र बरोबर जागी होती.

बांधापलीकडचं पिवळं घर त्याच्या बहिणीचं,
तोर्दिसचं. एकोणीसशे अकरामध्ये बांधलेलं.
तेव्हा कुणी खाली विचारायला गेलं नव्हतं.
माझ्या नकाशावर ते हद्दीबाहेर,
म्हणजे पांढरं.
तिनं आम्हांला आत बोलावलं, मोजे वाळत घालायला लावले,
कॉफी ओतता ओतता म्हणाली,
"आणि माझ्या खाली काय आहे?"
किटलीची धार हलली नाही.

माझं काम या प्लॉटपुरतं आहे:
हे वाक्य माझ्या प्रत्येक अहवालात असतं,
तिसऱ्या पानावर, चौकटीत.
मातीला सर्वे नंबर वाचता येत नाही
हे कुठल्याच पानावर नसतं.
"तपासलेलं नाही," मी म्हणाले, "पण उतार एकच आहे.
पालिकेला आज रात्रीच कळवते."
"कळव," ती म्हणाली. "कॉफी पिऊन कळव."

रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला.
कपाटात बश्या किणकिणल्या,
रोज किणकिणत असतील तशाच.
इंगेबर्टनं मान वर केली. तोर्दिसनं नाही.
तिनं साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.
मी दोन चमचे घेतले
आणि ढवळली नाही.