साडेसहा पौंड

स्पॅनिश टाउनच्या बाजारात
इव्हॅडनी प्रत्येक बेस गिटार
दुकानातून उचलून रस्त्यापलीकडे नेते,
मिस पर्नेलच्या काट्यावर,
कोनफळांच्या ढिगाशेजारी.

पहिला दहा पौंड. "नको.
असल्यानंच माझा डावा खांदा खाल्ला,
सव्वीस वर्षं, रोज पहाटेपर्यंत."
दुसरा नऊ. रंग झकास,
किंमत ऐकून ती हसतेच नुसती.
तिसरा तपकिरी, कोपऱ्याचा टवका उडालेला :
साडेसहा.
"माझी कोंबडी याहून जड," मिस पर्नेल म्हणते.

गळ्यात अडकवला की मान टाकतो,
उधारी मागायला आल्यासारखा.
"रुंद पट्टा लाव, चामड्याचा, खरबरीत,
मग नाही झुकायचा," एगबर्ट सांगतो,
आणि वायर पुरेल तितका
अँप दारापर्यंत ओढत आणतो.

ती पर्समधून जुन्या गादीचा स्पंज काढते,
तारांखाली, ब्रिजपाशी खुपसते.
टोनचं बटण पार शून्यावर.

आणि समेवर काहीच वाजवत नाही.
ती जागा राखून ठेवते,
उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवावं तशी.
मग तो येतो,
आधी तळपायांना कळतो,
कानांना नंतर.
रस्त्यापलीकडे रिकामं पारडं थरथरतं,
सुई शून्यावरून हलते.

"चोवीस हजार," एगबर्ट.
ती टवक्यावर बोट ठेवते. "अठरा."
"वीस, आणि स्पंज तुझाच."

"ते ठीक," पलीकडून मिस पर्नेल ओरडते,
"पण तीन वजनांचे
मला कोण देणार?"