झाकली मूठ

डिसेंबरात जेलरोडला नळाचं पाणी चावतं.
कळशी उचलली की बोटं
कळशीचीच होऊन जातात,
खाली ठेवली तरी सुटत नाहीत.
मी आकडे मोजते. सातला करंगळी,
अकराला अंगठा.

आईचंही असंच.
किराणा घेताना तिच्या मुठीतली नोट
दुकानदाराला ओढून घ्यावी लागे.
नवरा नोटांच्या छापखान्यात
आणि हिच्या हातून दहाची सुटत नाही,
म्हणून गल्ली हसायची. तीही हसायची,
पापण्या अर्ध्या मिटून.
चाळिशीत मोतीबिंदू. जेवता जेवता डुलकी.
पित्ताच्या खड्यांसाठी भूल दिली
ती उतरलीच नाही.
आम्ही म्हटलं, नशीब.

माझ्या बघण्याच्या दिवशी मामी कानात म्हणाली,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
चहाचा ट्रे रोहिणीने नेला,
मामीच्या मुलीने.

सातव्या महिन्यात गायधनी मॅडमनी हात पुढे केला.
मी धरला.
त्यांनी तो ओढून घेतला नाही.
थांबल्या, पार सुटेपर्यंत.
मग विचारलं, आई कशाने गेली?

निम्मी शक्यता, म्हणाल्या.
आणि बाळात उतरलंच, तर तुझ्याहून आधी,
तुझ्याहून जास्त.
गंगापूर धरणाची पातळी पेपरात येते
तशी आता माझ्या फाइलीत
तुझ्या पाण्याची पातळी येते.
वाढली, तर तू नीट गिळत नाहीस
असा अर्थ असू शकतो.
हे मी रात्री दोनदा वाचते
आणि तू लाथ मारलीस की
जोर किती होता ते ठरवत बसते.

फाइलीवर मी लाल पेनाने लिहिलंय:
भूल देण्याआधी हे वाचा.
अक्षर वाकडं आलं. पेन सुटेना.

सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत राहिल्या.
मग उठून माझ्या अंघोळीचं पाणी
त्यांनीच गॅसवर ठेवलं. तेव्हापासून रोज ठेवतात.

रोहिणीला सिन्नरला फोन लावला.
तुझ्याकडे बरणीची झाकणं कोण उघडतं गं?
पलीकडे मिक्सर चालू होता. बंद झाला.
ती बराच वेळ काही बोलली नाही.

आज सोनोग्राफी.
पोटावर गार जेल, पडद्यावर राखाडी धुकं,
धुक्यात तुझी मूठ.
मिटलेली.
मॅडम थांबल्यात.
मीही.

चार.
पाच.
सहा.