गंधकाची कांडी

रात्रपाळीला अण्णा गंधकाची कांडी पेटवून
पाइपांच्या सांध्यांजवळून सावकाश फिरवायचे.
अमोनिया दिसत नाही. गळत असला तर
कांडीच्या धुराला पांढरी जाड मिशी फुटते.
"हां, इथं हाय," म्हणायचे, आणि पान्हा मागायचे.

ससून डॉकच्या मागचा तो बर्फाचा कारखाना.
पहाटे तीनला लाद्या क्रशरमध्ये,
बाहेर ट्रॉलर खोळंबलेले, तांडेल शिव्या देत उभे.
एकदा वॉल्व्ह फुटला, तेव्हापासून
अण्णांना वास येत नाही. पापलेटसुद्धा
मला हुंगायला लावतात.

मी आता तिथून अर्ध्या तासावर,
नेव्हीनगरच्या टोकाला, अमोनियाच शोधते.
वृषभ राशीतला एक काळा ढग.
साडेचारशे वर्षांपूर्वी निघालेली लहर,
सव्वा सेंटिमीटर लांबीची.
पडद्यावर पाच उंचवटे : मधला मोठा,
दोन्ही अंगांना दोन-दोन पोरं.
शेजारच्या रेषेशी ताडलं की ढगाचा ताप कळतो :
दहा केल्विन.

लांबून नुसता डाग. जवळ जावं तर धागे,
जुन्या जाळ्यासारखे, ताणलेले, कुठे विरलेले,
आणि धाग्यांत गाठी.
गाठीच्या आत रेषा बारीक होत जाते,
भोवतीची खळबळ तिथे पोचतच नाही.

ऐन गाठीत कार्बन मोनॉक्साइडच्या नकाशाला भोक आहे.
पहिल्या वर्षाचा फिरदोस विचारतो, गेला कुठे?
कुठेच नाही रे. धुळीवर जमलाय,
पाइपावर हिव जमतं तसा.
त्या थरावर हायड्रोजनचे सुटे अणू
एकेक येऊन चिकटतात,
घाई नसते कुणाला,
हजारो वर्षांनी थोडं मिथेनॉल होतं.

रविवारी अण्णांना इथे आणलं.
चष्मा पुसून त्यांनी पाचही उंचवटे बोटानं मोजले.
"एवढी गळती! आणि पान्हा कोणाकडं हाय?"

मी सांगितलं, ही गाठ आपल्याच वजनानं आत ढासळेल,
लाख-दोन लाख वर्षांत. मधे तारा पेटेल.
धुळीवरचं सगळं बर्फ उडून जाईल,
मिथेनॉल, पाणी, काय काय जमलंय ते
पुन्हा मोकळं होईल, तेव्हा आम्हाला दिसेल.

अण्णा गप्प. एसीच्या झोताखाली
सवयीनं त्यांनी नाक वर केलं.
"बर्फ वितळणार म्हनतेस," ते म्हणाले,
"मग आतल्या मासळीचं काय?"