डाव्या पॅडवरचा रंग

गोल आठवत नाही, फट आठवते.
डावा पॅड आणि डावा खांब यांच्यामधली,
चेंडू जाईल एवढीच, वर एक बोटही नाही.
बेसलाइनवरून ती वांद्र्याची पोरगी आली,
तिथून कुणी मारत नाही,
म्हणून मीच मनातल्या मनात तिला पास द्यायला लावला
आणि खांबापासून अर्धं पाऊल सरकले.
मागे फळीवर ठक्‌.
तो आवाज गोलकीपरला पाठीने ऐकू येतो.

मिस्किटा सर ओरडले नाहीत.
दुसऱ्या दिवशी, टर्फवरचा आमचा तास संपायला बारा मिनिटं असताना,
पुढची बॅच शिनगार्ड बांधत बसलेली असताना,
सर गोलमध्ये आले, चप्पल काढली,
उघडी टाच खांबाला लावून उभे राहिले.
"छत्तीस वर्षं गोदीत दोर धरलेत मी.
जहाज धक्क्याला कसं लागतं, बघितलंयस?"
माझगावात जन्मून मी नव्हतं बघितलं.
"धडकत नाही, प्रणिते. लांबही राहत नाही.
मध्ये जुने टायर टांगलेले असतात, ते दबतात.
बस्स, तेवढंच लागायचं.
आणि खांबाकडे बघायचं नाही.
कप्तान धक्का बघत बसला
तर पाणी कोण बघणार?"

मग महिनाभर तेच.
डोळे मिटून मागे सरायचं,
मोज्याच्या पाठीने खांब चाचपायचा,
टाच आत, पॅड दाबून,
उजव्या हातातली काठी टर्फवर आडवी,
आत येणाऱ्या पासच्या वाटेत.
चुकलं की पुन्हा मधून.
घामाने हेल्मेटची गादी अशी कुजली
की बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची.

घरी दाराची चौकट म्हणजे खांब.
ओजस पायमोज्यांचा गोळा मारतो.
आई पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी:
"आत येऊ देशील का?"
मी म्हणते, "या बाजूने नाही."
ती दुसऱ्या बाजूने सरळ आत येते
आणि जाता जाता माझ्या डोक्यावर
एक ओला मोजा ठेवते.
तेव्हाच कळायला हवं होतं.

सराव संपला की सर पॅड उलटून बघायचे,
खांबाचा पांढरा रंग घासून लागलाय का, कुठे, किती.
"गुडघ्याशी आहे, घोट्याशी नाही.
खाली उघडी आहेस तू."
कुठल्या वहीत नव्हता आमचा हिशेब,
त्या फोमवरच होता.

गुरुवारी पोलीस लाइनच्या मुली.
तीनदा त्याच कोपऱ्यातून आल्या,
तीनदा ठप्‌, पॅडवर, चेंडू बाहेर.
चौथ्यांदा चेंडू मागे गेला,
पेनल्टी स्पॉटपाशी, सावकाश,
कुणी ताटात वाढावा तसा,
आणि मी खांबाला लागलेली, अगदी घट्ट, अगदी बरोबर,
उजवीकडे सगळा गोल उघडा.
ठक्‌.

"सोडायचं तुम्ही शिकवलंच नाही."
बसथांब्यावर आम्ही दोघं,
मधे किटबॅग, तिसऱ्या माणसासारखी.
सर शेंगा सोलत होते.
"आधी शिकवलं असतं तर तू धरलाच नसतास."
आमची एक बस गेली.
"दोर बांधणं सोपं गो.
सोडायचा कधी, ते ज्याला कळायचं
त्याला जास्त पगार द्यायला पाहिजे होता.
दिला नाही कुणी."

सोमवारी त्यांनी खांबांना खडू फासला,
डाव्याला पांढरा, उजव्याला निळा.
चेंडू मागे फिरला की डाव्या पायाने खांब ढकलायचा,
त्याच्याच जोरावर निघायचं.
मी पडले. उशिरा निघाले. लवकर निघाले,
आणि जुनीच फट पुन्हा उघडली.
सर म्हणाले, "ओहोटी-भरती आहे, चालायचंच,"
आणि चेंडू गोळा करायला वाकले, कंबर धरून.

आता पॅड कठड्यावर वाळताहेत.
डाव्यावर पांढरा, उजव्यावर थोडासा निळा.
आई विचारते, "हे निघेल का धुऊन?"
मधल्या बारा फुटांचा रंग
कशावरच उमटत नाही.
ओजस, मोजे आण.